गेज रजिस्टर आणि खतावणी

पाटबंधारे खात्यात विभागीय लेखापाल म्हणून नोकरी केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर एक प्रश्न हमखास विचारला जातो : धरणांवर एवढा पैसा ओतला, तो गेला कुठे? विचारणाऱ्याच्या मनात निविदा, वाढीव दर आणि ठेकेदार असतात, आणि त्यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. मला मात्र नोकरीभर अस्वस्थ केले ते धरण बांधून झाल्यानंतरच्या हिशोबाने, म्हणजे कालव्यातून वाहणाऱ्या पाण्याच्या जमाखर्चाने.

बांधकामाच्या पैशावर आमच्याकडे पहारा कडक असे. मोजमाप पुस्तकात नोंद झाल्याशिवाय बिल निघत नसे. चुकलेला आकडा खोडायचा नाही, त्यावर रेघ मारून शेजारी योग्य आकडा लिहायचा आणि सही करायची, असा दंडक होता. महिनाअखेरीस सगळा लेखा महालेखापालांकडे, म्हणजे राज्याचे हिशोब ठेवणाऱ्या व तपासणाऱ्या केंद्रीय कार्यालयाकडे, रवाना होई. लेखापाल स्वतःही महालेखापालांच्याच आस्थापनेवरचा, त्यामुळे कार्यकारी अभियंत्याच्या शेजारच्या खोलीत बसूनही तो पूर्णपणे अभियंत्याचा माणूस नसे.

पाणीपट्टीची वाट वेगळी होती. शेतकऱ्याने नमुना नंबर 7 मध्ये मागणी अर्ज करायचा, मंजुरी मिळाली की शेजपाळीत, म्हणजे पाणी देण्याच्या क्रमवारीत, त्याचा नंबर लागायचा, पाळी झाल्यावर मोजणीदाराने शेतात जाऊन भिजलेले क्षेत्र मोजायचे, त्यावरून आकारणी व्हायची, तिच्यावर रुपयामागे 20 पैसे स्थानिक उपकर चढायचा आणि ती रक्कम खतावणीत, म्हणजे खातेदारनिहाय हिशोबाच्या वहीत, पडायची. या साखळीत पीक आहे, क्षेत्र आहे, दर आहे. पाणी किती दिले हे मात्र कुठेच नाही. ते लिहिलेले असे गेज रजिस्टरमध्ये, म्हणजे कालव्यातल्या पाण्याची मोजणी नोंदवायच्या वहीत, आणि गेज रजिस्टर व खतावणी एकाच टेबलावर उघडलेली मी फार क्वचित पाहिली.

एकदा एका उपविभागाच्या वार्षिक तपासणीला गेलो असताना पुच्छ भागातले, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाकडचे, एक वृद्ध शेतकरी मागणीचा कागद घेऊन आले. “भाऊसाहेब, पाणी आलंच नाही आणि पट्टी आली. माझं काय चुकलं तेवढं सांगा,” एवढेच ते म्हणाले. कागदावर त्यांच्या 40 आर गव्हाची तीन पाळ्यांची आकारणी होती. खतावणी बघितली, बेरीज बरोबर होती. आकारणी पत्रक बघितले, तेही जुळत होते. शेवटी “बाबा, जरा बसा,” म्हणून मी शाखेतून गेज रजिस्टर मागवले. तिसऱ्या पाळीच्या तारखांसमोर त्यांच्या शेताला पाणी देणाऱ्या लघुवितरिकेच्या (कालव्याच्या लहान फाट्याच्या) रकान्यात ओळीने शून्य लिहिले होते. वरच्या बाजूला कालवा फुटल्याने तिचे दार उघडलेच नव्हते. मोजणीदाराने दुसऱ्या पाळीचे क्षेत्र तसेच पुढे ओढले होते. आकारणी दुरुस्त झाली, पण लेखाशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष असलेला तो कागद खोटा होता, ही गोष्ट माझ्या डोक्यातून गेली नाही. त्या वर्षी मी आणखी किती कागद असे ‘जुळतात’ म्हणून पास केले असतील?

पाण्याचा पैशाशी मेळ घालण्याची धडपड अर्थात जुनी आहे. इंग्रजांनी कालव्यांची विभागणीच हिशोबावरून केली होती : निव्वळ उत्पन्नातून भांडवलावरचे व्याज निघाले तर काम ‘उत्पादक’, नाही तर ‘संरक्षक’, म्हणजे दुष्काळापासून बचावासाठी केलेले. नीरा डाव्या कालव्यासारखी दख्खनची कामे संरक्षक गटातली. अभियंते विश्वेश्वरय्या यांनी याच कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली, ती पाण्याच्या शिस्तीसाठी म्हणून सांगितली जाते; मला तिच्यात उत्पन्नाची निश्चितीही दिसते, कारण ठरावीक क्षेत्राला ठरावीक पाणी बांधून दिले की जमेचा अंदाज आधीच करता येतो.

स्वातंत्र्यानंतर आकडे वाढले, मेळ मात्र सुटत गेला. वसूल झालेली पाणीपट्टी 0701 या लेखाशीर्षाखाली, म्हणजे सरकारी हिशोबातल्या ठरावीक खात्यात, सरकारी तिजोरीत जमा होई आणि कालव्याच्या देखभालीचे अनुदान 2701 खाली वेगळे येई. चोख वसुली केलेल्या उपविभागाला दुरुस्तीसाठी पै जास्त मिळत नसे आणि न करणाऱ्याला पै कमी मिळत नसे. अशा रचनेत थकबाकी वाढली तर दोष एकट्या कालवा निरीक्षकाच्या माथी मारणे मला कधीच पटले नाही. 1996 मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ आले, पुढच्या दोन वर्षांत विदर्भ, तापी, कोकण आणि गोदावरी मराठवाडा अशी आणखी चार महामंडळे झाली. कृष्णेच्या पाण्याचे राज्यांत वाटप करणाऱ्या बच्छावत लवादाने वाट्याला दिलेले पाणी मे 2000 पर्यंत अडवायचे म्हणून कृष्णा खोऱ्यासाठी सरकारच्या हमीवर कर्जरोखे काढले गेले. त्यांची परतफेड पाणीपट्टीतून होणे शक्यच नव्हते. तो भार अखेर राज्याच्या अर्थसंकल्पावरच आला. महामंडळांमुळे एक गोष्ट मात्र बरी झाली : पाणीपट्टी महामंडळाकडेच ठेवून तिच्यातून देखभाल करण्याची वाट निघाली.

2005 मध्ये दोन कायदे आले. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने पाण्याच्या दरातून व्यवस्थापन, परिचालन आणि देखभाल यांचा पूर्ण खर्च निघावा, असे तत्त्व घातले. धरणाच्या भांडवली खर्चाला त्यात हात लावलेला नाही. (याच कायद्यात, दोनहून अधिक अपत्ये असणाऱ्या शेतकऱ्याला दीडपट दर लावण्याची तरतूद आहे. खतावणीत अपत्यांचा रकाना कुठे पाडायचा, यावर आमच्या कार्यालयात एक अख्खी दुपार खर्ची पडली होती.) दुसऱ्या कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून पाणी द्यायचे ठरवले, आणि माझ्या मते खरा बदल हाच होता, कारण त्यामुळे गेजवरचा आकडाच बिलाचा आकडा झाला.

निवृत्तीनंतर एका पाणीवापर संस्थेचा हिशोब तपासून द्यायला गेलो होतो. सचिव तरुण होते, वाणिज्य शाखेचे नव्हते, पण त्यांच्या वहीत एकाच ओळीत गेजची उंची, विसर्ग (पाण्याच्या प्रवाहाचे प्रमाण), तास, घनमीटर आणि रुपये होते. एक क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, दिवसभर वाहिले की सुमारे 2447 घनमीटर होतात, हे त्यांना तोंडपाठ होते. संस्थेला बिल मिळते ते चारीच्या तोंडाशी मोजलेल्या पाण्याचे. सभासदांच्या शेतात पोचते त्याहून कमी, आणि मधली गळती कोणाच्या नावावर टाकायची यावर सभेत वाद पेटला होता. वरचे म्हणत, खालच्यांपर्यंत पाणी न्यायलाच ती होते. खालचे म्हणत, तुमच्या बांधाशी चारी फुटली आहे. ठराव झाला तो असा : गळती सर्वांवर तासांच्या प्रमाणात वाटावी, आणि पुढच्या पाळीपूर्वी जो आपल्या हद्दीतली चारी साफ करणार नाही, त्याच्या हद्दीतली गळती मोजून त्याच्याच खात्यावर लिहावी. सचिवांनी मला विचारले, “सर, याला कुठलं लेखाशीर्ष लावू?” त्या गळतीसाठी मी त्यांना वहीत एक नवा रकाना आखून दिला.