वर नेलेलं खाली आणताना

संक्रांतीनंतरचा रविवार

हळदीकुंकू उरकलं. यंदा वाण म्हणून कापराच्या डब्या लुटल्या. शेजारच्या काकूंनी विचारलंच, "वस्तू नाही काही?" वस्तूच तर नकोत. फडताळाचा खालचा खण नुसत्या वाणाच्या वाट्या, गाळण्या, साबणदाण्या आणि झाकण हरवलेल्या डब्यांनी भरलाय. कापूर निदान जळून तरी जातो.

खरा पसारा मात्र वरच्या खोलीत आहे. घर सांगलीच्या गावभागात, कृष्णेच्या पुराच्या वाटेत. २००५ ला पाणी आलं, २०१९ ला आलं, २०२१ ला परत आलं. २०१९ ला तर कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांवर गेली, धोक्याची ४५. दरवेळी हाताला लागेल ते वर गेलं. पाणी उतरल्यावर गाळ उपसणं, भिंती धुणं, पंचनामा, या सगळ्यात खाली आलं ते फक्त रोज लागणारं. बाकीचं वरच, पुरावर पूर असे थर. पुण्याच्या पाहुण्यांना वाटतं यांना टाकवत नाही. टाकवत नाही हे आहेच, पण ती खोली भरलीय घाईत.

या वर्षात ती मोकळी करायची. लेक फोनवर म्हणते, "एकेक वस्तू हातात घे, आनंद होतो का बघ." स्टोव्हची पिन हातात घेऊन कसला आनंद व्हायचा? माझा प्रश्न वेगळा आहे. परत पाणी आलं तर ही वस्तू उचलून मी जिना चढणार का?

माघ

कागद संपले. लाइटबिलं, खताच्या पावत्या, कधीच गाशा गुंडाळलेल्या एका पतसंस्थेचं पासबुक. ओल लागलेली रद्दी रद्दीवालाही घेत नाही. सातबारा, घरपट्टी, विमा, रेशनकार्ड एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर खिळ्याला टांगलं आणि सगळ्याचे फोटो लेकीला पाठवले.

पाडव्याच्या आधी

पितळ काढलं. घंगाळ, हंडे, पराती, तांब्याचा बंब. चिंच लावून घासायला बसले. सासूबाईंच्या लग्नातल्या परातीवर बारीक ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलंय, कुणी दिली, कुठल्या साली. परात चकाकली, पण ठिपक्यांत गाळ बसलाय तो निघेना, त्यामुळे अक्षरं काळी राहिली आणि उलट वाचायला सोपी झाली. सासूबाईंनी बोट फिरवत नाव वाचलं, मग त्या माणसाचे तिघं भाऊ, त्यांच्या वाटण्या, कोर्टकचेऱ्या, सगळं ऐकवलं. सकाळ गेली.

कल्हईवाला आता दारावर येत नाही. बिनकल्हईच्या भांड्यात ताक-आमटी ठेवावी तर कळकते. म्हणजे ही भांडी वापरायची नाहीत, नुसती सांभाळायची. परात आणि घंगाळ ठेवलं, बाकीचं मोडीत घातलं. दुकानदाराने हंड्याची लोखंडी कडी काढून वजन केलं. सासूबाई दुकानात आल्या नाहीत. पावती मात्र मागून घेतली आणि दोनदा वाचली.

वैशाख

लगीनसराई, म्हणून मुद्दाम आहेराची ट्रंक उघडली. ही सासूबाईंची बँक. ब्लाऊजपीस, टॉवेल-टोप्या, पॉलिस्टरच्या साड्या. प्रत्येक ब्लाऊजपिसाला टाचणीने चिठ्ठी लावलेली. 'मिरजेची वहिनी, बारसं.' 'तासगावचे, वास्तुशांत.' आहेर फिरता असतो, पण ज्याचा त्याला परत जाता कामा नये, म्हणून ही नोंद. माझ्या लग्नापासून ही पद्धत बघतेय आणि मनातल्या मनात हसतेय, पण कुणाच्या घरी काय गेलं हे एवढं चोख मी कुठल्या वहीतही ठेवलं नसतं.

तळाला एक गठ्ठा निघाला, त्याला कधी हातच लागलेला नव्हता. २००५ ला ट्रंकेत पाणी शिरलं तेव्हा चिठ्ठ्यांची शाई पसरली आणि नावं गेली. कापडाला टाचणीच्या गंजाचे तेवढे ठिपके राहिले. मग ते पीस द्यायचे कुणाला? न जाणो, ज्याचं त्यालाच गेलं तर! या भीतीने इतकी वर्षं ते तळाशीच बसले, आणि २०१९ ला ती ट्रंक आम्ही तिघांनी जिन्यावरून ओढत वर नेली.

देऊन टाकू म्हटलं तर सासूबाई नाही म्हणाल्या. फेकायचा तर प्रश्नच नव्हता. शेवटी चौकातल्या शिवणवालीकडे नेऊन दुपटी शिवून घेतली. दुपटं झालं की तो कुणाचा आहेर राहत नाही, हे त्यांना पटलं. पहिलं दुपटं समोरच्या घरच्या बाळंतिणीला गेलं.

आषाढ

बोहारीण आली. जुन्या साड्या घेऊन हिनं टब द्यायला काढला. मी म्हटलं, "टब नको, साड्या तशाच ने." तिला काहीतरी गडबड वाटली. साड्या उलगडून कुठं फाटल्यात ते बघायला लागली. शेवटी एक स्टीलची वाटी घ्यावीच लागली.

श्रावण

आठवडाभर कोयनेतून विसर्ग चालू आहे. दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉटकडं पाणी आधी येतं, तिकडची माणसं हलली. आयर्विनवर ४० म्हणजे इशारा. तो ओलांडल्यावर आम्हीही उचलायला घेतलं. गॅसची टाकी, मिक्सर, धान्याचे डबे, गाद्या. दुपारच्या चहाच्या आत सगळं वर! खोलीत ठेवायला जागा होती, नाहीतर मागच्या वेळी आम्ही जिन्यातच पिंपं रचली होती. कागदांची पिशवी खिळ्यावर आधीच होती. सासूबाई तेवढ्या खाली बसून विचारत होत्या, "ट्रंक नेली का?" ट्रंक कधीच खाली आणलेली नव्हती.

पाणी ४५ ला टेकलं नाही. दोन दिवस वरच स्वयंपाक केला, मग ओसरलं. आणि या वेळी जेवढं वर नेलं तेवढं सगळं खाली आणलं, एक चमचासुद्धा वर ठेवला नाही. ह्यांना हे फार वाटलं नाही. मला वाटलं.

घट बसायच्या आधी

वाकळा धुतल्या. ओली वाकळ दोघींनी दोन टोकं धरली तरी पिळवत नाही, तशीच कठड्यावर टाकायची आणि निथळू द्यायची. एक वाकळ उसवली तर आतल्या थरात ह्यांच्या आजीचं इरकल निघालं, अंग विरलेलं, काठ शाबूत. पुरात न्यायच्या प्रश्नाला काठ पास झाला. बाकीचं फडकं म्हणून वापरायला काढलं.

मार्गशीर्ष

खोलीत आता पलंग मावतो. एक कोपरा ह्यांचा आहे: पंख्याचे रेग्युलेटर, जळलेली मोटर, वायरींची भेंडोळी. "लागंल कधीतरी." त्यावर बोलणं झालंय, दोनदा, आणि दोन्हीदा स्वयंपाक उशिरा झाला. तो कोपरा तसाच राहू दे. पाणी आलं तरी तो वरच आहे.

सासूबाईंना वर झोपायला सांगतेय. पावसाळ्यात मध्यरात्री उचलाउचल करण्यापेक्षा माणूस आधीच वर असलेलं बरं. त्या म्हणतात, जिन्याला कठडा नाही, धरायचं कशाला. खरं आहे. सुताराला सांगितलंय, माप घेऊन गेलाय. संक्रांत झाल्यावर येतो म्हणतो.