बॉल तिचा, रेषाही तिचीच

चार वर्षं कॉलेजच्या संघातून बोलिंग खेळले आणि नंतर मुलींच्या संघाची कोच झाले. आपल्याला येतं तेच शिकवायचंय, त्यात काय अवघड, असं तेव्हा वाटलं होतं. पण जे येत होतं ते माझ्या हाताला. सांगायची वेळ आली की शब्दच सापडायचे नाहीत.

हे क्रिकेटचं नव्हे, दहा पिनांचं बोलिंग. अमेरिकेत एनसीएएमध्ये, म्हणजे कॉलेजांच्या खेळांच्या राष्ट्रीय संघटनेत, हा खेळ फक्त मुलींसाठी आहे. त्यांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा २००४ साली झाली आणि ती नेब्रास्कानं जिंकली. या खेळावर शिष्यवृत्तीही मिळते, हे आईला फोनवर दोनदा समजावून सांगावं लागलं होतं.

पदवीनंतर मास्टर्स करता करता सहाय्यक कोच म्हणून लागले. यूएसबीसी या अमेरिकेतल्या बोलिंग संघटनेचा कोचसाठीचा लेव्हल वन कोर्स केला, मग त्यापुढचा ब्राँझ. बर्फातून व्हॅन चालवणं, एकेकीचे पाच-सहा बॉल, प्रत्येकी १४-१५ पौंडांचे, चढवणं-उतरवणं, हे महिन्याभरात अंगवळणी पडलं.

अडले ते तेलापाशी. फाऊल लाइनपासून, म्हणजे जिच्या अलीकडून बॉल सोडायचा त्या रेषेपासून, पहिली पिन ६० फुटांवर, लेनची रुंदी ३९ फळ्यांची. त्यातल्या साधारण पहिल्या ४० फुटांवर तेल असतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. तेलावर बॉल घसरतो, कोरड्यात आला की वळतो. शिवाय प्रत्येक बॉल थोडं तेल उचलून नेतो, म्हणजे सकाळची लेन दुपारी तीच राहत नाही. मग उजव्या हाताच्या खेळाडूनं डावीकडे सरकायचं. पण किती? मी खेळत असताना हा प्रश्न मला कधी पडलाच नाही, पाय आपोआप सरकायचे.

पहिल्याच हंगामातला एक बेकर सामना. बेकर म्हणजे पाच जणींनी मिळून एक गेम खेळायचा: दहा फ्रेम, म्हणजे दहा पाळ्या, त्यातली पहिलीनं पहिली आणि सहावी, दुसरीनं दुसरी आणि सातवी, असं करत पाचवीकडे पाचवी आणि दहावी. सातपैकी चार गेम जिंकायचे असतात. तीन-तीन बरोबरी, शेवटची फ्रेम आमच्या पाचव्या मुलीची. ती पहिल्या वर्षाची होती. मी तिला म्हटलं, "तीन फळ्या डावीकडे सरक." तिनं मान डोलावली. बॉल उजवीकडे गेला आणि परत आलाच नाही. एक, दोन आणि दहा नंबरच्या पिना उभ्या राहिल्या. दुसऱ्या बॉलनं त्या पाडायच्या, म्हणजे स्पेअर, तोही हुकला, सामना गेला.

रात्री व्हिडिओ पाहिला तेव्हा लक्षात आलं. माझ्या बॉलला फिरकी भरपूर असायची, तिच्या हातून बॉल सरळ निघतो. त्या तीन फळ्या माझ्या होत्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तिला सांगितलं, "चूक माझी होती." ती काही बोलली नाही, पण तिचे खांदे सैल पडलेले मला दिसले.

त्यानंतर महिनाभर सरावात मी स्वतः एकही बॉल टाकला नाही. प्रत्येकीची वेगळी वही केली. बॉल परत आला की पुसायच्या आधी तो हातात घ्यायचा, त्यावर उमटलेली तेलाची कडी बघायची. कड्या पसरलेल्या की एकमेकींवर चढलेल्या, त्यावरून तिची फिरकी कळते. कोणाचा अंगठा दुपारी सुजतो, कोण अंगठ्याच्या भोकातली टेपची एक पट्टी काढून टाकते, हेही वहीत उतरलं. सल्ला देण्याआधी विचारायचं, हेही ठरवून टाकलं.

फेब्रुवारीत पुन्हा तशीच वेळ आली. दहावी फ्रेम, तीच मुलगी. मी विचारलं, "तुला काय दिसतंय?"

"बॉल लवकर वळतोय, कोच. पण मला एक फळी पुरे."

तिनं बॉल पुसला, टेपची एक पट्टी ओढून काढली, ती माझ्या हातात दिली आणि एक फळी डावीकडे जाऊन उभी राहिली.