वाक्य बदला, नोंद बदलू नका

चौथी-पाचवीच्या वर्गात ‘लिहिलेलं पुन्हा वाचा आणि सुधारा’ म्हटलं की बहुतेक मुलं खोडरबर काढतात, एखादी वेलांटी नीट करतात आणि वही मिटतात. नेमकं काय सुधारायचं ते त्यांना दिसतच नाही. लिहिणाऱ्याला सगळं आधीच माहीत असतं, त्यामुळे वाक्यात राहून गेलेलं तो मनातच भरून घेतो. अशा वेळी प्रयोगाची कृती लिहायला देणं फार उपयोगी पडतं. कृती अर्धवट असेल तर ती वाचून करणारा अडतो, आणि तो कुठे अडला हे लिहिणाऱ्याला समोरच दिसतं.

मूग घ्या, स्वस्त आहेत आणि लवकर रुजतात. रात्रभर भिजवलेले १० मूग, एक पारदर्शक पेला आणि टिश्यू पेपर एवढं पुरतं. कागद पेल्याच्या आतून लावायचा, मधे चुरगळलेला कागद किंवा कापूस दाबून भरायचा आणि मूग काच व कागद यांच्यामध्ये सरकवायचे. तळाशी साधारण १ सेंटीमीटर पाणी ठेवायचं. कागद ते वर ओढून घेतो. कापूस सैल भरला तर मूग घसरून पाण्यात पडतात. दुसऱ्या पेल्यात मूग पूर्ण बुडवून ठेवा, म्हणजे तुलना करता येते.

प्रयोग मांडून झाला की प्रत्येक गटाने कृती लिहायची. पहिला खर्डा बहुधा असा येतो: ‘आम्ही मूग घेतले. पेल्यात ठेवले. पाणी टाकलं. खूप मजा आली.’ आता वह्यांची अदलाबदल करा. दुसऱ्या गटाने फक्त लिहिलंय तेवढंच करायचं, आणि लिहिणाऱ्यांनी तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. ‘पाणी टाकलं’ वाचून कुणी पेला काठोकाठ भरतो, कुणी चार थेंब टाकतो. अडलं तिथे शिसपेन्सिलीने प्रश्न लिहायचा: किती? कुठे? आधी काय? शेरे लिहायची मुभा ठेवू नका, नाहीतर दोस्ताच्या वहीत ‘छान’ आणि भांडण झालेल्याच्या वहीत ‘घाण अक्षर’ एवढंच येतं. प्रश्नाला मात्र उत्तर द्यावंच लागतं.

एका फेरीत एकच गोष्ट पाहायची. पहिल्या फेरीत मोजमाप, दुसऱ्या फेरीत क्रम आणि वेळ. शुद्धलेखन अगदी शेवटी. लाल पेन आधी वेलांट्यांवर फिरला की मूल बिनचूक लिहिता येतील तेवढेच शब्द वापरू लागतं आणि निरीक्षण आटतं. ‘टरफल’ लिहिता येत नाही म्हणून टरफल सुटल्याची नोंदच राहून जाते, हे फार मोठं नुकसान आहे.

पूर्ण पान पुन्हा लिहून घेऊ नका. सुधारणा म्हणजे हाताला शिक्षा असं वाटलं की मुलं चुका लपवतात. सुरुवातीपासून एक ओळ सोडून लिहायला सांगा. राहिलेला शब्द काकपदाची खूण (^) करून वर घालता येतो, मोठी भर असेल तर चिठ्ठी चिकटवता येते.

खोडरबर मात्र दप्तरातच राहू द्या. चुकलेलं एका आडव्या रेघेने खोडायचं, खालचं वाचता आलं पाहिजे. याचं खरं कारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळतं. काल मूळ २.५ सेंटीमीटर होतं आणि आज २.२ आलं, की मूल गुपचूप कालचा आकडा बदलतं. तिथे थांबवा आणि मोजणी पुन्हा करून पाहा. पुष्कळ पट्ट्यांवर शून्य अगदी कडेला नसतं, थोडं आत असतं. कडेपासून मोजलं की फरक पडतो. वाकडं मूळ पट्टीने सरळ मोजलं तर कमी भरतं. त्यावर दोरा ठेवून मग दोरा मोजायचा. नवी मोजणी तारीख घालून खाली लिहायची, जुनी तशीच राहू द्यायची. वाक्य कितीही वेळा बदला. पाहिलेली गोष्ट सोयीसाठी बदलायची नाही, हे मुलांना याच वयात समजतं.

तिसरी फेरी सगळ्यात अवघड: दिसलेलं आणि वाटलेलं वेगळं करायचं. ‘बुडालेल्या मुगांना पाणी आवडलं नाही’ अशी वाक्यं येतात. विचारा, ‘तुला डोळ्यांनी काय दिसलं?’ मग उत्तर येतं: टरफलं सुटली, पाणी फेसाळलं, वास येतोय. हे सगळं ‘दिसलं’ या मथळ्याखाली जाईल. त्याखाली वेगळी ओळ: ‘मला वाटतं... कारण...’. रुजणाऱ्या बीला श्वसनासाठी हवा लागते आणि पाण्यात ती पुरेशी मिळत नाही, हे तुम्ही लगेच सांगून टाकू नका. आधी मुलांची कारणं येऊ द्या. चुकीच्या कारणातूनच पुढचा प्रयोग सुचतो: कमी पाण्यात बुडवले तर? पाणी रोज दोनदा बदललं तर?

४० मुलांच्या वर्गात सगळ्या वह्या एकाच दिवशी तपासायच्या भानगडीत पडू नका. रोज एकाच गटाचा खर्डा फळ्यावर लिहा, त्यांची परवानगी घेऊन, आणि सगळ्यांनी मिळून त्यावर प्रश्न विचारा. बहुवर्ग शाळेत दुसरी-तिसरीच्या मुलांनी निरीक्षण बोलून सांगायचं आणि पाचवीच्यांनी ते जसंच्या तसं लिहून परत वाचून दाखवायचं. ‘मी असं नव्हतं म्हटलं’ हे लहानगे ठणकावून सांगतात, आणि पाचवीच्या मुलाला वाक्य बदलावंच लागतं.