एक डोंगल, भरपूर चॅनेल आणि सगळ्यांत मिळून एकच गेन

एसडीआर (सिग्नल कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअरने उलगडणारा रेडिओ) घेतलं की बहुतेक जण ते साध्या रेडिओसारखंच वापरतात, एका फ्रिक्वेन्सीवर जायचं, ऐकायचं, कंटाळा आला की पुढची. मला खरी मजा यायला लागली ती एकदम चार-पाच चॅनेल पकडायला लागल्यावर, आणि त्यासाठी जास्तीचं हार्डवेअर लागत नाही हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

जहाजांचं एआयएस घ्या, म्हणजे जहाजं आपली ओळख आणि जागा रेडिओवर सांगत राहतात ती यंत्रणा. चॅनेल दोन, १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ. जहाज आळीपाळीने एकदा यावर मेसेज टाकतं, एकदा त्यावर, आणि एकेक स्लॉट जेमतेम २६.७ मिलिसेकंदांचा. आता एकाच चॅनेलवर बसून राहिलात तर निम्मे मेसेज गेले, आणि स्कॅन करत इकडून तिकडे उड्या मारल्या तरी तेच, तुम्ही तिकडे पोचेपर्यंत इकडचा येऊन गेलेला असतो. डोंगल (यूएसबीला लावायचं छोटं एसडीआर) सरळ १६२.००० वर ठेवायचं, दोन्ही चॅनेल मध्यापासून २५ किलोहर्ट्झवर, एक खाली एक वर, एकाच स्ट्रीममध्ये येतात. संपला विषय.

कारण आरटीएल-एसडीआर, म्हणजे हेच डोंगल, "एक स्टेशन" देतच नाही, ते सेकंदाला २४ लाख सॅम्पल (सिग्नलची मोजमापं) देतं म्हणजे २.४ मेगाहर्ट्झचा अख्खा तुकडा कॉम्प्युटरवर येऊन पडतो. त्यातलं हवं ते चॅनेल गणिताने मध्यावर सरकवायचं, लो-पास फिल्टर (मध्याजवळचं तेवढंच राहू देणारा) लावायचा, आणि उरलेले फालतू सॅम्पल टाकून द्यायचे, याला डेसिमेशन म्हणतात. दुसरं चॅनेल हवं तर तोच डेटा घेऊन हेच परत. चॅनेल खूप असतील, विमानांच्या बँडसारखे २५ किलोहर्ट्झच्या अंतरावर, तर प्रत्येकासाठी वेगळा फिल्टर चालवण्यापेक्षा एफएफटीवर (सिग्नल फ्रिक्वेन्सीनुसार वेगळा करणाऱ्या गणितावर) चालणारा पॉलीफेज चॅनेलायझर परवडतो, तो एका झटक्यात सगळे ९६ तुकडे वेगळे करून देतो (कडेचे थोडे सोडून द्या, तिथे फिल्टरचा उतार असतो आणि बाहेरचं काहीबाही दुमडून आत येतं). आरटीएलएसडीआर-एअरबँड नावाचा प्रोग्रॅम एफएफटी वापरूनच रास्पबेरी पायसारख्या छोट्या बोर्डावर अनेक एएम चॅनेल एकदम डिमॉड्युलेट करतो (म्हणजे त्यातला आवाज बाहेर काढतो), त्यामुळे सीपीयू कमी पडेल ही भीती माझ्या मते उगाचच.

खरी गोची गेनची (सिग्नल किती वाढवून घ्यायचा त्याची) आहे, आणि याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. चॅनेल कितीही वेगळे केलेत तरी ते वेगळे होतात एडीसीच्या (सिग्नलचे आकडे करणाऱ्या भागाच्या) नंतर, त्याआधी सगळ्यांना मिळून गेन एकच. डोंगलचा एडीसी ८ बिटांचा, म्हणजे २५६ पायऱ्या, साधारण ५० डीबीची रेंज. जवळचा कोणी दणदणीत सिग्नल सोडायला लागला की ऑटो गेन आपला खाली येतो, आणि लांबचं जे बारीक ऐकू येत होतं ते तळाला जातं, म्हणजे भांडण एका चॅनेलवर आणि शिक्षा सगळ्यांना. म्हणून ऑटो गेन बंद. हाताने गेन हळूहळू वाढवत न्यायचा, नॉइज फ्लोअर (तळाची कायमची खरखर) नुसताच वर यायला लागला किंवा वॉटरफॉलवर (सिग्नल रंगांत दाखवणाऱ्या चित्रावर) भुतं, म्हणजे मुळात नसलेले सिग्नल, दिसायला लागली की थोडं मागे यायचं. दिलासा इतकाच की २.४ मेगाहर्ट्झमधून २५ किलोहर्ट्झ कापून घेतलं की नॉइजही त्या प्रमाणात कापला जातो, जवळपास २० डीबीचा फायदा, म्हणून तर ८ बिटांवर हा सगळा खेळ जमतो.

आणि तुकड्याच्या बाहेरचा सिग्नलही त्रास देतो बरं का. एफएमचा बँड १०८ ला संपतो, विमानांचा आवाज ११८ पासून, मधे अंतर फारसं नाही. तगडं एफएम स्टेशन जवळ असेल तर ते एडीसीपर्यंत पोचायच्या आधीच ट्यूनरला (डोंगलमधल्या फ्रिक्वेन्सी निवडणाऱ्या भागाला) गुदमरवतं, तिथे सॉफ्टवेअर काही करू शकत नाही, अँटेना आणि डोंगलच्या मधे एफएम अडवणारा बँडस्टॉप फिल्टर टाकावाच लागतो.

विमानांचा अख्खा बँड, ११८ ते १३७, मात्र एका डोंगलात बसत नाही. १९ मेगाहर्ट्झ झाले ते. एकतर हॅकआरएफ (दुसरं एक एसडीआर) घ्या जो २० मेगाहर्ट्झपर्यंत जातो, पण तोही ८ बिटवालाच, आणि एवढा रुंद तुकडा उघडला की आत शिरणारे दणदणीत सिग्नलही वाढतात. मी त्यापेक्षा दोन-तीन डोंगल लावतो, हवे असलेले चॅनेल जिथे गर्दीने आहेत तेवढेच तुकडे झाकायचे, प्रत्येकाचा गेन वेगळा ठेवता येतो. त्यांची क्लॉक एकमेकांशी जुळलेली नसतात, पण नुसतं ऐकायला त्याने काही बिघडत नाही, सिग्नल कुठल्या दिशेने येतोय हे शोधायचं असेल तरच क्रॅकनएसडीआरसारखं एका क्लॉकवर पाच ट्यूनर चालवणारं काहीतरी लागतं.