पोर्टच्या बाटलीवरचं वर्ष कसं वाचावं

पोर्ट ही पोर्तुगालची, मद्य घालून केलेली गोड वाईन. लेबलावरचं वर्ष वाचण्याआधी ती काचेत मुरली की लाकडात, ते बघावं. व्हिंटेज पोर्टमध्ये, म्हणजे एकाच वर्षाच्या आणि बाटलीत मुरणाऱ्या पोर्टमध्ये, त्या वर्षीचं हवामान कित्येक दशकांनीही ओळखू येतं. टॉनीत, म्हणजे पिंपात मुरणाऱ्या पोर्टमध्ये, ते लाकडात हळूहळू विरत जातं.

पोर्तुगालच्या दोउरो खोऱ्यात मराओ डोंगर अटलांटिकचा पाऊस अडवतो, म्हणून नदीच्या वरच्या अंगाला उन्हाळा कोरडा आणि भाजणारा असतो. वेली शिस्ट खडकाच्या उतारांवर, मुळं भेगांतून खोल गेलेली. हिवाळ्यात पाऊस कमी पडला की ऐन उन्हाळ्यात वेल ताणाखाली येते. मणी सुकत जातो, साखर वाढल्यासारखी दिसते, पण साल आणि बिया कच्च्याच राहतात.

आणि पोर्टचा सगळा भार सालीवर. इतर लाल वाईनचा रस सालीसोबत आठवडाभर किंवा जास्तही राहतो. इथे जेमतेम दोन-तीन दिवस. तेवढ्यात रंग आणि टॅनिन (सालीतलं तुरट द्रव्य) उतरवायचं, म्हणून आजही काही ठिकाणी ग्रॅनाइटच्या उथळ हौदांत द्राक्षं पायांनी तुडवतात. साधारण निम्मी साखर आंबली की ४३५ लिटर रसाला ११५ लिटर, ७७ टक्क्यांचं द्राक्षमद्य घालतात. यीस्ट थांबतं, साखर उरते आणि ५५० लिटरचं एक पिंप भरतं. मद्य लवकर घातलं तर वाईन अतिगोड आणि फिकी होते, उशिरा घातलं तर कोरडी.

काढणीच्या तोंडावर पाऊस आला तर मणी फुगतात, रस पातळ होतो. २०१६ मध्ये ओल्या वसंतानंतर उन्हाळा तापला आणि सप्टेंबरच्या मध्यावर सरी आल्या. ज्यांनी तोड थांबवून वाट पाहिली, त्यांना उशिरा पिकणारी तोरिगा फ्रांका जातीची द्राक्षं उत्तम मिळाली. २०१७ उलट, इतकं कोरडं की काढणी ऑगस्टमध्येच सुरू झाली. दोन्ही वर्षं पोर्ट बनवणाऱ्या बहुतेक घराण्यांनी व्हिंटेज म्हणून जाहीर केली. लागोपाठ असं क्वचितच घडतं.

व्हिंटेज दोन-तीन वर्षांत बाटलीत जाते. हवा जवळपास नाही, त्यामुळे टॅनिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना चिकटून हळूहळू तळाशी बसतात. वाईन मऊ होते, गाळ वाढतो. कोल्येता, म्हणजे एकाच वर्षाची टॉनी, किमान सात वर्षं पिंपात राहते. लाकडातून झिरपणाऱ्या हवेने लाल रंग विटकरी होतो, ताज्या फळाच्या जागी अक्रोड आणि सुक्या अंजिराची चव येते. उष्ण खोऱ्यातली पिंपं लवकर म्हातारी होतात, किनाऱ्याजवळच्या गार गाया शहरातली सावकाश. '२० वर्षं' लिहिलेल्या टॉनीत मात्र अनेक वर्षांचं मिश्रण असतं. तो आकडा चवीच्या वयाचा.

जुनी व्हिंटेज उघडण्याआधी बाटली पूर्ण दिवस उभी ठेवा. मग मानेमागे दिवा धरून एका धारेत ओता आणि गाळाची काळी रेघ मानेपाशी आली की थांबा. मध्येच बाटली सरळ केलीत तर सगळं गढूळ होतं. ती दोन दिवसांत संपवावी; टॉनी फ्रीजमध्ये तीन-चार आठवडे सहज टिकते, कारण हवेशी तिची ओळख आधीच झालेली असते.