तुम्ही विचारलंत म्हणून: आवर्तन नक्की कशाचं?

तबल्याच्या क्लासला येणारी पोरं आणि त्यांचे आईबाबा हमखास विचारतात, सर, तुम्ही शिकवता शिकवता पाटाच्या पाण्याचं काय काढता, आवर्तन तर तालाचं असतं ना? विचारलंतच म्हणून सांगतो.

मी प्रवरेच्या कालव्यावरचा. भंडारदरा धरणातून पाणी सोडलं की आमच्याकडे "आवर्तन सुटलं" म्हणतात, आणि तबल्याला हात लागायच्या कितीतरी आधी हा शब्द मी चारीवर, म्हणजे कालव्याच्या छोट्या फाट्यावर, ऐकलाय. पाणी मागायचा सात नंबरचा फॉर्म भरायचा, मग शेजपाळीत, म्हणजे पाणी वाटायच्या ठरलेल्या क्रमात, आपली पाळी येईल तेव्हा दारं धरायला, म्हणजे शेतात पाणी वळवायला, जायचं, ती रात्री दोनला आली तर दोनला, थंडी असो नाहीतर काय असो. नियम असा की आधी टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला पाणी, आणि मग वर सरकत हेडला. (प्रत्यक्षात काय होतं ते टेलवाल्यांना विचारा. आम्ही टेलवालेच.)

त्यामुळे गुरुजींनी तीनतालाच्या १६ मात्रा हातावर मोजून, परत समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येऊन "हे झालं एक आवर्तन" म्हटलं तेव्हा मी विचारलं, मग पुढचं कधी सुटणार? सगळे हसले, गुरुजी सोडून.

घरी आई अथर्वशीर्षाची २१ आवर्तनं करायची, फलश्रुती फक्त शेवटच्याला, म्हणजे ती ऐकू आली की प्रसाद जवळ आला. शाळेत मेंडेलीव्हची आवर्त सारणी, ती काही माझ्या डोक्यात शिरली नाही. पण गणितातलं आवर्ती दशांश मात्र जाम आवडलं: १ भागिले ७ केलं की १४२८५७, परत १४२८५७, म्हणजे सहा मात्रांचा ताल की हो, आपला दादराच! आवर्ती ठेव तेवढी पासबुकावर, बोलताना सगळे आरडीच म्हणतात.

पण शिकवताना मला पाटच आठवतो. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या एकतालात मात्रा १२च, पण एक आवर्तन कधीकधी मिनिटभर चालतं, पोरांना दम निघत नाही, हात पळायला लागतात. मग मी म्हणतो, अरे पाणी अजून वरच्या चारीला आहे, तू आत्ताच दार उघडून काय वाहणारे?

परवा क्लास चालू असताना भावाचा फोन आला, आवर्तन सुटलं म्हणून. मी आपली पाळी कधी, रात्रीची की दिवसाची, विचारत बसलो, तर मागून एक पोरगी हळूच म्हणाली, "सर, सम गेली."