चारांक यो

म्हापशात दुपारी एकनंतर नळ गळायला लागला तर तो चारपर्यंत गळू द्यायचा असतो. लहानपणापासून ठाऊक असलेली ही गोष्ट मी मुंबईत सव्वीस वर्षं राहून विसरलो होतो. परत आलो त्याच आठवड्यात स्वयंपाकघरातल्या नळानं धार धरली. एक वाजून दहा मिनिटांनी दुकान गाठलं, तर शटर अर्धं खाली आणि मालक हातात कुलूप घेऊन उभा. म्हटलं, फक्त एक वायसर हवाय. त्यानं माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाला, "चारांक यो."

गंमत अशी की 1994 साली मी हे गाव सोडलं ते याच 'चारांक यो'पायी. कुणी विचारलं की नोकरीसाठी गेलो म्हणून सांगायचो, आणि ते खोटंही नव्हतं. पण बावीस वर्षांच्या पोराला भर दुपारी सगळा बाजार घोरताना दिसला की वाटायचं, इथं राहिलो तर आपणही असेच आडवे होऊ. रात्रीची बस धरली ती दादरला उतरलो. कोकण रेल्वे सुरू होऊन म्हापशाजवळच्या थिवीला मुंबईची गाडी थांबायला लागली 1998 साली. तोवर मला लोकलच्या दारात लटकायची सवय झाली होती.

आमच्या घराला हे नवं नाही. आजोबा गिरगावात नोकरीला होते. गोव्याहून रेल्वेनं निघालं की कुळ्याला पोर्तुगीज जकातवाले पेटी उघडत आणि घाट चढून कॅसलरॉकला पोचलं की इंग्रजांचे. पुन्हा तेच धोतर, तेच खोबऱ्याचे लाडू. आणि माणसांचं काय घेऊन बसलात, आमच्या मंगेश देवालाही पोर्तुगीजांच्या धाकानं 1560 साली रातोरात कुशस्थळी सोडून प्रियोळला यावं लागलं. तो मात्र परत गेला नाही.

नंतरची पोरं 2020 पर्यंत थेट इंग्लंडातल्या स्विंडनला जात. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं. त्या पासपोर्टावर कितीतरी घरं इंग्लंडला गेली. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. माझं बरं होतं, मला नुसतं रेशनकार्ड बदलावं लागलं. (तेही सोपं नव्हतं, पण ते असो.)

मी परत का आलो? आईचे गुडघे, बंद पडलेली वरची खोली, अशी तयार उत्तरं माझ्याकडे आहेत. 2020 साली आलो म्हणून बरेचजण परस्पर कोविडच्या खात्यावरही टाकतात. खरं सांगायचं तर त्याच्या वर्षभर आधी तापानं फणफणून मी एका मंगळवारी घरी राहिलो होतो. इतक्या वर्षांत आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी, स्वतःच्या घरात पहिल्यांदाच. वरच्या मजल्यावर ड्रिल चालू होतं. कुरिअरवाला दोनदा, इस्त्रीवाला एकदा, शेजारणीचा गॅसवाला चुकून माझ्या दारात. उशी कानावर दाबून पडलो आणि ध्यानात आलं की या शहरात दुपार नावाचा प्रकारच नाही. सकाळ आहे ती रात्रीपर्यंत ताणलेली.

आता इथं दिल्लीकर येऊन राहिलेत. तेही शांततेसाठीच आलेत, पण दोन वाजता दुकान बंद दिसलं की फोन काढून तक्रार लिहितात. घरभाडी त्यांनी कुठं नेऊन ठेवलीत ते सांगत नाही. वडिलार्जित छप्पर नसतं तर मला परतणं परवडलंच नसतं.

मुंबईत मी सव्वीस वर्षं 'गोवेकर' होतो. इथं परत आल्यापासून 'मुंबयकार' झालोय. गेल्या शुक्रवारी बाजारात मयड्याच्या केळ्यांपाशी थांबलो, तर केळीवाल्या मावशीनं विचारलं, "केन्ना आयलो रे, मुंबयकारा? केन्ना वतलो?" म्हटलं, "हांव हांगाच रावतां, मावशी. कितलीं वर्सां जालीं!" तिनं मान डोलावली, फणी उचलून माझ्या पिशवीत घातली आणि भाव मुंबयकाराचाच लावला.